सात हजारांचं गहाणखत

१९५२ साली कोल्हापूरच्या मराठा बँकेत एक घर गहाण पडलं. घर होतं राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचं. रक्कम सात हजार रुपये. हे कर्ज लग्नाकार्यासाठी नव्हतं की शेतीवाडीसाठी नव्हतं. कॉलेजात शिकून गेलेल्या एका पैलवानाला फिनलंडमध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक खेळायला जायचं होतं आणि वाटखर्चाची सोय होत नव्हती.

पैलवान म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्या वर्षी त्यांनी मिळवलेलं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मराठी मुलखात ही गोष्ट पाठ आहे. सांगणारे ती पदकापाशी सुरू करतात आणि मिरवणुकीपाशी संपवतात. पण १९५२च्या त्या हंगामाचा जमाखर्च मांडला, तर पदकाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट हाती लागते. कुस्तीला पोसणारा दरबार नुकताच गेला होता, सरकारनं अजून खेळाची जबाबदारी उचलली नव्हती, आणि मधली पोकळी गावोगावच्या वर्गणीनं आणि एका माणसाच्या घरानं भरून काढली.

वर्गणीवर कुस्ती चालवायची रीत मात्र जुनी. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की जत्रांना तोंड फुटतं. भीमेच्या उत्तरेला शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा, पात्र ओलांडलं की दौंड तालुका. दोन्ही काठांवर सोयरीक एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे एका गावची जत्रा म्हणजे आजूबाजूच्या दहा गावांची पाहुण्यांची वर्दळ. या पट्ट्यात जत्रेचा क्रम साधारण ठरलेला असतो. रात्री पालखी आणि छबिना, मग तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की कुस्त्यांचा हगामा.

हगाम्याचा कारभार पंचकमिटीच्या हातात. मोकळ्या रानात माती भुसभुशीत करून हौदा तयार होतो, कडेनं माणसं दाटीवाटीनं बसतात, हलगी कडाडायला लागते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळावरच्या, मग रुपयांच्या. उतरणारा पैलवान रिंगणाला फेरी मारून जोड मागतो, पंच दोघांची अंगलट बघून हाताला हात लावून देतात. इनाम चढत जातं आणि शेवटची कुस्ती सगळ्यात मोठी. नियम सोपा: पाठ मातीला लागून चीतपट झाला तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम दोघांत वाटायचं. त्यामुळे प्रेक्षकाला निकाली कुस्ती हवी असते आणि खडाखडीत वेळ घालवणाऱ्याला लोक खाली बसू देत नाहीत.

पैसा येतो घरटी वर्गणीतून. मुंबई-पुण्यात पोटापाण्याला गेलेले गावकरी भर घालतात, एखादा बागायतदार शेवटच्या कुस्तीचं इनाम स्वतःच्या नावानं लावतो. पैलवानाच्या बाजूनं पाहिलं तर जत्रांचा हा हंगाम म्हणजे त्याच्या वर्षाच्या खुराकाची बेगमी. आज या गावात, परवा त्या गावात अशा कुस्त्या मारत जमलेल्या रकमेवर दूध, तूप, बदाम चालायचे. वस्ताद पट्ठ्याकडून फी घेत नसे. पट्ठ्यानं मैदान मारलं की तालमीचं नाव होई, आणि तीच वस्तादाची कमाई.

या व्यवस्थेच्या वर, कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांनी दरबाराचं छत धरलं. १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार त्यांच्या नजरेत भरलं होतं. १९१२मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं: मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. देशभरातून मल्ल कोल्हापुरात येऊ लागले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं घराण्यांच्या नावांसारखी घेतली जाऊ लागली.

खाशाबा या दोन्ही व्यवस्थांचं अपत्य. जन्म १५ जानेवारी १९२६चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झालं, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना मदत करून झाली, आणि मग ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तेव्हा त्यांची चण पाहून त्यांना नकार मिळाला, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि या पोरानं आपल्याहून थोराड गड्यांना लोळवलं. बँकेतल्या गहाणखताची सुरुवात खरी त्या दिवशी झाली.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथं ते पहिल्यांदाच गादीवर उतरले. मातीत पाय रुततो, गादीवर तो सटकतो. मातीत पकड घामाला आणि धुळीला धरून बसते, गादीवर सगळा खेळ चपळाईचा. शिवाय वेळेचं बंधन आणि पंचांचा कौल. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना या नियमांची ओळख करून दिली. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. पहिल्याच खेपेला, अनोळखी गादीवर, हे काही थोडं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी पुढच्या ऑलिंपिकसाठी वरच्या वजनगटाची, ५७ किलोची, तयारी धरली.

मधल्या काळात राज्य बदललं. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवानाचा प्रवासखर्च करणारी तिजोरी आता नव्हती. नव्या सरकारपुढे अन्नधान्य, निर्वासित, धरणं असे प्रश्न होते. खेळाडूला परदेशी पाठवण्याचं खातं कुणाकडे, हेच ठरलेलं नव्हतं.

एका कॉलेजच्या माजी प्राचार्यावर घर गहाण टाकायची वेळ आली, त्याच्या पन्नास वर्षं आधी अमेरिकेतल्या कॉलेजांकडे खेळाचा पैसा इतका वाहत होता की तो आवरायचा कसा हा प्रश्न पडला होता. हार्वर्डनं फुटबॉलसाठी काँक्रीटचं स्टेडियम १९०३मध्येच बांधलं. हा त्यांचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून समोरच्या फळीत घुसण्याचा, कबड्डीच्या पकडीहून कितीतरी दांडगा खेळ. १९०५चा हंगाम तिथं बदनाम झाला. त्या एका मोसमात देशभरात १८ खेळाडू दगावल्याची मोजणी वर्तमानपत्रांनी छापली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना ऑक्टोबरात व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. कोलंबियानं तर हंगाम संपताच फुटबॉल बंद करून टाकला. वर्षअखेरीस ६२ कॉलेजं एकत्र आली, त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेनं १९१०मध्ये एनसीएए हे नाव घेतलं, आणि १९०६पासून चेंडू पुढं फेकायला मुभा मिळून खेळाचं रूपच पालटलं. कॉलेज, प्रेक्षक, तिकीट आणि नियम यांची सांगड तिथं अशी बसली. कोल्हापुरात कॉलेज होतं, प्रेक्षक तर हजारोंनी होते. पण प्रेक्षक खासबागेत आणि जत्रेत बसत, कॉलेजच्या मैदानावर नाही. त्यांचा पैसा पैलवानापर्यंत पोचे, कॉलेजच्या खात्यापर्यंत नाही.

१९५२चा हंगाम खाशाबांसाठी वादानंच सुरू झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण कमी देऊन मागं टाकलं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. यादविंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. दरबार गेले तरी खेळाच्या कचेरीत महाराज होतेच, फक्त खजिन्याऐवजी अध्यक्षपदाचा अधिकार घेऊन. त्यांनी निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावून दिली. खाशाबांनी ती मारली आणि संघात जागा घेतली.

निवड झाली, तिकिटाचं काय? मुंबई सरकारकडे केलेल्या अर्जाला वेळेवर यश आलं नाही. मग खाशाबा आणि त्यांच्या घरचे गावोगाव फिरले. गोळेश्वर-कराडकडच्या लोकांनी हगाम्याला द्यावी तशी वर्गणी दिली. तरी आकडा पुरा होईना. तेव्हा खर्डेकरांनी घराचे कागद बँकेत नेले.

हेलसिंकीत कुस्तीची स्पर्धा बाद पद्धतीची नव्हती. हरलेल्या किंवा नुसत्या गुणांवर जिंकलेल्या कुस्तीचे दंडगुण मल्लाच्या नावावर साचत आणि मर्यादा ओलांडली की तो बाहेर पडे. म्हणजे समोरच्याला नुसतं जिंकून भागत नसे, चीतपट करणाऱ्याचा फायदा असे. जत्रेतल्या निकाली कुस्तीवर वाढलेल्या माणसाला हा हिशोब नवा वाटायचं कारण नव्हतं. कॅनडाचा आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो, जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ असे एकेक करत खाशाबांनी मागं टाकले. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. ही कुस्ती लांबत गेली आणि खाशाबा ती हरले. तिच्या पाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती नियमानं मिळायला हवी होती. पण ते पंचांना ठणकावून सांगायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा ही कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघानं नेदरलँड्सला ६-१ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. देशभर बोलबाला हॉकीचा झाला. कुस्तीतही कोल्हापूरच्याच केशव माणगावे यांचं पदक थोडक्यात हुकलं होतं, ते तर बहुतेकांच्या कानावरही गेलं नाही.

कराडनं मात्र उणीव ठेवली नाही. रेल्वे स्टेशनवर ढोल, लेझीम, फटाके, आणि गोळेश्वरहून आलेल्या १५१ बैलगाड्या. गावाच्या वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंतची वाट एरवी पंधरा मिनिटांची. त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागल्याचं घरच्या मंडळींनी पुढं सांगितलं.

मिरवणूक संपली तरी सात हजारांचं कर्ज उभंच होतं. ऑलिंपिक पदकाबरोबर तेव्हा रोख रक्कम येत नसे. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लांग चढवून त्यात उतरले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

पुढं १९५५मध्ये ते पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले. बढती मिळाली ती निवृत्तीच्या तोंडावर. १९८४च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तोही एकविसावं शतक उजाडताना. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन ठरला. त्यांच्यानंतर देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, टेनिसमध्ये लिअँडर पेसच्या रूपानं. महाराष्ट्राची वाट तर आणखी लांबली. २०२४मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे हाही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, पण त्याची जडणघडण सरकारी क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि पोटापाण्याला रेल्वेची नोकरी होती. खाशाबांच्या वेळची पोकळी भरून यायला बहात्तर वर्षं लागली.

कुस्तीनं स्वतःची घडीही हळूहळू बसवली. १९५३मध्ये मामासाहेब मोहोळ यांनी राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. या स्पर्धेत पुढं माती आणि गादी असे दोन विभाग पडले आणि दोन्हीकडचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढू लागले. नोव्हेंबर २०२३मध्ये ही स्पर्धा भीमेच्या काठी फुलगावला भरली तेव्हा सिकंदर शेखनं गदा नेली. विजेत्याला हल्ली चारचाकी मिळते.

नदीच्या त्याच खोऱ्यात, खाली मांडवगण फराट्याच्या बाजूला, तालमीतली पोरं आता गादीवरही सराव करतात, कारण शाळा-कॉलेजच्या स्पर्धा गादीवर होतात आणि नोकरीतल्या खेळाडू कोट्याला त्याच स्पर्धांची प्रमाणपत्रं चालतात. खुराकाचा खर्च प्रमाणपत्रातून निघत नाही. तो चैत्र-वैशाखातल्या हगाम्यांतून काढावा लागतो. त्यासाठी जत्रा कमिटीची माणसं पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात, आणि शेवटच्या कुस्तीला किती इनाम लावायचं हे त्या पावत्यांची बेरीज झाल्यावरच ठरतं.