‘इंदिओ’, ‘फिलिपिनो’ आणि ‘उपरा’: योगदानाची नोंद आणि नोंदणाऱ्याची नजर

एखाद्या समाजाने जगाला काय दिले, हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. त्याचे उत्तर यादीच्या रूपाने देण्याची प्रथा आहे. परंतु ही यादी कोणी केली, कोणाच्या सोयीसाठी केली आणि तिच्यात काय मावले नाही, असे विचारू लागलो की ‘योगदान’ ही संकल्पना केवळ वर्णनाची राहत नाही. ती सत्तासंबंधांची होते. फिलिपिनो समाजाविषयी जगात रूढ झालेल्या प्रतिमा या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. प्रस्तुत लेखात ही तपासणी सोलापूरच्या इतिहासाशी ताडून केली आहे. या दोन स्थळांना जोडणारा दुवा संपर्काचा नाही, अनुभवसादृश्याचा आहे. दोन्हीकडे श्रम करणाऱ्यांविषयीचे ‘ज्ञान’ श्रम करवून घेणाऱ्यांनी निर्माण केले, आणि दोन्हीकडे त्या ज्ञानाला लेखनातून उत्तर दिले गेले.

१

मराठी माणसाला फिलिपिन्सची ओळख प्रामुख्याने एका पुरस्कारामुळे आहे. रामोन मॅगसेसे पुरस्कार 1958 मध्ये प्रथम दिले गेले आणि त्या पहिल्याच वर्षी ते आचार्य विनोबा भावे यांना मिळाले. पुढील वर्षी चिंतामणराव देशमुख, 1979 मध्ये जामखेडचे आरोळे दांपत्य, 1985 मध्ये बाबा आमटे, 2008 मध्ये प्रकाश व मंदाकिनी आमटे. म्हणजे मनिला हे आपल्या लेखी आपला गौरव करणारे शहर आहे. गौरव करणाऱ्या त्या समाजाविषयी मात्र आपले कुतूहल पुरस्कारापाशीच थांबते. या पुरस्काराला ‘आशियाचे नोबेल’ म्हणण्याची आपली सवयही बोलकी आहे: आशियातील मानाची मोजणी करतानासुद्धा माप युरोपचेच वापरावे लागते.

दुसरी ओळख वस्तूंची. जहाजावरचा बळकट मनिला दोर, तपकिरी मनिला पाकीट आणि एकेकाळी मध्यमवर्गीय पुरुष पँटबाहेर सोडून घालीत तो ‘मनिला’ या सर्वांना एकाच बंदराचे नाव लाभले. दोराचा धागा ज्या अबाका नावाच्या केळवर्गीय झाडापासून निघतो, ते झाड मनिला शहरात पिकत नाही. ते बिकोल आणि दावाओ यांसारख्या दूरच्या प्रदेशांतले. माल ज्या बंदरातून निघाला त्या बंदराचे नाव त्याला चिकटले; सोप सोलून धागा काढणारे हात नावाबाहेर राहिले.

सोलापूरकराला ही प्रक्रिया अपरिचित नाही. ‘सोलापुरी चादर’ हे नाव देशभर गेले, तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ती विणणारा समाज मुख्यतः तेलंगणातून स्थलांतरित झालेला तेलुगुभाषक पद्मशाली समाज आहे, ही गोष्ट चादर अंगावर घेणाऱ्याला कळण्याचे कारण उरले नाही. स्थळनामाने वस्तूला प्रतिष्ठा मिळते. कर्त्याला ती मिळेलच असे नाही.

२

वस्तूनंतर सेवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाने फिलिपिनो माणसाला पाहिले ते परिचारिका, घरकामगार आणि खलाशी या रूपांत. मार्कोस राजवटीतील 1974 च्या श्रमसंहितेने परदेशी रोजगाराला राज्याच्या धोरणाचे रूप दिले. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांना उद्देशून ‘बागोंग बायानी’, म्हणजे ‘नवे वीर’, हे पद वापरले. 17 मार्च 1995 रोजी फ्लोर काँतेम्प्लासियोन या फिलिपिनो घरकामगार स्त्रीला सिंगापूरमध्ये फाशी झाली, तेव्हा वीरत्वाच्या या पदवीमागची असहायता फिलिपिन्सच्या रस्त्यांवर प्रकट झाली. ग्रीक बोलीभाषेत तर ‘फिलिपिनो स्त्री’ या शब्दालाच मोलकरणीचा अर्थ चिकटला. राष्ट्रवाचक नाम व्यवसायवाचक होणे ही केवळ भाषिक घटना नव्हे. त्या समाजाने दुसरे काही दिले असेल ही शक्यताच त्या अर्थात मिटवली जाते.

सेवेचा आणखी एक आलेख सोलापूरच्या इतिहासात आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटाने त्यांची कहाणी ‘अमर’ केली. येथे सेवेला चरित्र मिळाले, चेहरा मिळाला, जन्मघराचे स्मारक मिळाले. मात्र त्याच पथकातील नागपूरचे डॉ. चोळकर आपल्या स्मृतीत फारसे उरले नाहीत. वीरगाथेला एक नायक पुरतो.

कोटणीसांची सेवा आणि फिलिपिनो परिचारिकेची सेवा यांतील फरक त्यागाच्या परिमाणाचा नाही. एकाला राष्ट्रीय चळवळीने पाठवले, दुसरीला परकीय चलनाच्या गरजेने. म्हणून एकाच्या वाट्याला चरित्र आले, दुसरीच्या वाट्याला आकडेवारी. ‘योगदान’ नोंदवताना आपण कृतीची नोंद करीत नाही, कृतीमागे उभ्या असलेल्या कथनाची करतो, हे येथे स्पष्ट होते.

३

वस्तू आणि सेवा या दोन्ही नोंदी पाहणाऱ्याला अस्वस्थ करीत नाहीत. दोर उपयोगी पडतो, परिचारिका उपयोगी पडते; उपयोग करून घेणाऱ्याची नजर जशी होती तशीच राहते. या नजरेलाच अभ्यासविषय करणारे फिलिपिनो योगदान म्हणजे होझे रिझाल (1861–1896) यांचे लेखन. पेशाने नेत्रवैद्य असलेल्या या लेखकाच्या ‘नोली मे तांगेरे’ (1887) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (1891) या स्पॅनिश कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. आपल्या विद्यापीठीय चर्चेत त्यांचे नाव बहुधा बेनेडिक्ट अँडरसन यांच्या राष्ट्रवादविषयक ग्रंथाच्या आधाराने येते. म्हणजे येथेही ओळख मध्यस्थामार्फतच. कादंबऱ्यांइतकेच महत्त्वाचे, किंबहुना समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, असे त्यांचे दोन उद्योग 1890 मधील आहेत.

पहिला म्हणजे ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकात क्रमशः आलेला फिलिपिनोंच्या आळसावरील निबंध. स्पॅनिश धर्मगुरू व अधिकारी ‘एतद्देशीय जात्याच आळशी’ असे सांगत. रिझाल यांनी आळस नाही असा भाबडा इन्कार केला नाही. आळस आहे हे मान्य करून त्यांनी कार्यकारणाचा क्रम उलटा केला: आळस हे दुर्दशेचे कारण नसून परिणाम आहे. स्पॅनिशपूर्व काळातील व्यापार व उद्योग यांचे दाखले देऊन त्यांनी विचारले की, उद्यमशील असलेला समाज निरुत्साही कशामुळे झाला? वेठबिगार, मक्तेदारी, श्रमाच्या फळाची अशाश्वती आणि माणसाला स्वतःविषयी हीनभाव शिकवणारे शिक्षण ही त्यांनी दिलेली कारणे. सय्यद हुसेन अलातास यांनी 1977 मध्ये ‘आळशी एतद्देशीय’ या मिथकाची चिकित्सा केली तेव्हा रिझालच्या या विवेचनाला त्यांच्या ग्रंथात महत्त्वाचे स्थान होते.

दुसरा उद्योग म्हणजे आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या 1609 च्या इतिहासग्रंथाची सटीप आवृत्ती. मूळ संहितेला हात न लावता तळटीपांतून तिचा प्रतिवाद करणे हे तिचे स्वरूप आहे. येथे मराठीतील नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी 1860 च्या दशकाच्या अखेरीस ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली. कीर्तन्यांच्या हाती बखरींची परंपरा होती. पुढे राजवाडे यांनी 1898 पासून साधनांचे खंड काढले. रिझाल यांना आधार घ्यावा लागला तो मुख्यतः जेत्यांनीच लिहिलेल्या संहितांचा. म्हणून त्यांनी जेत्याच्याच साक्षीदाराची उलटतपासणी केली. दोन समाजांच्या इतिहासलेखनातील भेद असा स्मृतिसाधनांच्या भेदातून उद्भवतो.

४

आळसाचा आरोप सोलापूरलाही नवा नव्हता. 1908 च्या फॅक्टरी श्रमिक आयोगापुढे गिरणीकामगारांच्या कामचुकारपणाची चर्चा झाली, ती सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहराला दूरची नव्हती. याहून तीव्र उदाहरण सेटलमेंटचे आहे. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत उभी राहिली. तेथील कुटुंबांना गिरण्यांत कामाला लावले जाई. दप्तरात गुन्हेगार आणि साच्यावर मजूर: एकाच माणसाच्या या दोन नोंदी परस्परविरोधी वाटतात, परंतु पहिल्या नोंदीमुळेच दुसरी स्वस्तात शक्य होत होती. रिझालचा निबंध हाती घेऊन सेटलमेंटचा इतिहास वाचला तर हे सहज उलगडते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही.

शिक्क्याचे काय करावे, याचेही एक उत्तर रिझालच्या पिढीत मिळते. स्पॅनिश राजवटीत ‘फिलिपिनो’ हा शब्द मुख्यत्वे त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश वंशीयांसाठी होता. मूळ रहिवासी ‘इंदिओ’. हिंदुस्थानच्या नावावरून निघालेला हा शब्द तेथे तुच्छतावाचक झाला होता. 1889 मध्ये पॅरिसमधील फिलिपिनो तरुणांनी आपल्या मंडळाला ‘शूर इंदिओ’ असे नाव घेतले, आणि पुढे ‘फिलिपिनो’ हे नावही सर्वांचे केले. अपमानाचा शब्द स्वनाम करण्याची ही कृती मराठी वाचकाला ओळखीची वाटावी. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) ही शीर्षके हेच करतात. बाहेरच्याने ठेवलेले नाव मुखपृष्ठावर येते तेव्हा त्याचा उच्चार करण्याची जबाबदारी वाचकावर पडते.

तथापि साम्य येथे थांबते. रिझाल सुशिक्षित, संपन्न वर्गातील होते आणि त्यांचे लेखन त्यांच्या बहुसंख्य देशबांधवांना न वाचता येणाऱ्या स्पॅनिशमध्ये होते. 1887 मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात इगोरोत लोकांना मांडून ठेवले गेले तेव्हा रिझाल संतापले. 1904 मध्ये अमेरिकेने सेंट लुईसच्या प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनोंना असेच मांडले. दोन्ही वेळी प्रदर्शनात उभा असलेला इगोरोत स्वतः काय म्हणाला, ते या लेखनपरंपरेत उमटले नाही. माने आणि गायकवाड यांच्या लेखनात मांडून ठेवलेला माणूसच बोलतो, आणि तो ज्या समाजाने शिक्का जपला त्याच समाजाच्या भाषेत बोलतो. या अर्थी मराठीतील हे साहित्य रिझालच्या प्रश्नाला त्यांच्यापुढे नेते. या दोन परंपरा एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठी समीक्षेने हाती घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

समाजांच्या योगदानाच्या याद्या होतच राहतील. त्यांत वस्तू असतील, सेवा असेल, पुरस्कारविजेतेही असतील. परंतु यादी करणाऱ्याला त्याची नजर दाखवून देणारे लेखन हे यादीतले आणखी एक कलम नव्हे. फिलिपिनो समाजाने जगाला दिलेले हे सर्वांत अडचणीचे, आणि म्हणूनच सर्वांत मोलाचे, देणे आहे. मॅगसेसेच्या शहराला आपण मान दिला. रिझालच्या शहराशी संवाद सुरू व्हायचा असेल, तर त्याची वाट सेटलमेंटच्या कुंपणावरून जाते.