परीक्षेतील निबंध आणि वेळेचे बंधन : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

‘निबंध’ हा शब्द जुना आहे. त्याचा शालेय अर्थ मात्र अलीकडचा. संस्कृत परंपरेत निबंध म्हणजे विखुरलेली शास्त्रवचने एकत्र करून त्यांची विषयवार जुळणी करणारा ग्रंथ. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ आणि कमलाकरभट्टांचा १६१२ मधील ‘निर्णयसिंधु’ हे याच वर्गातले. ‘बांधणे’ हा मूळ धात्वर्थ त्यात स्पष्ट दिसतो. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्या ८४ अंकांनी या शब्दाचा वाङ्मयीन अर्थ मराठीत दृढ केला. मालेतील एखादा निबंध विषयाच्या गरजेनुसार अनेक अंकांतून चाले. घड्याळाचा संबंध यांपैकी कोणत्याही अर्थाशी नव्हता. तो परीक्षेने आणला.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी, मोडीचे कित्ते, उजळणी आणि पाढे यांवर भर असे. हात वळावा आणि पाठ पक्का व्हावा, हा तेथील हेतू. दिलेल्या विषयावर स्वतःचे विचार मांडण्याची अपेक्षा नसे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्यापूर्वी १८५५ मध्येच लंडनला सनदी नोकरीसाठी लेखी स्पर्धापरीक्षा सुरू झाली होती. सर्वांना एकच प्रश्न आणि सारखाच वेळ दिला की वशिल्याला वाव राहत नाही, ही त्यामागील धारणा होती व ती बव्हंशी रास्तही होती.

तथापि अशा परीक्षेचा एक ठरलेला दोष असतो. चीनमधील राज्यसेवेच्या परीक्षांत अष्टांगी निबंधाचा साचा शतकानुशतके चालला. साचा पक्का झाल्यावर उमेदवार विचार करण्याऐवजी नमुने पाठ करू लागले. ती परीक्षापद्धती १९०५ मध्ये बंद झाली. आपल्याकडील मार्गदर्शिकांतील ‘तयार निबंध’ हे त्याच व्याधीचे स्थानिक रूप होय. वेळ अपुरा आणि मांडणीचे शिक्षण नाही, अशा अवस्थेत विद्यार्थ्याला पाठांतराचाच आधार वाटणार.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १८६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीनंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, तिला तेथे पुन्हा स्थान मिळाले. या काळात जे पदवीधर शिक्षक झाले, त्यांचे मराठीतील लेखन महाविद्यालयात कधी तपासलेच गेले नव्हते. निबंध ‘तपासण्या’ची रीत शाळेत रुळली, तो ‘शिकविण्या’ची रीत मागे राहिली.

या इतिहासाचा परिणाम कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत विशेष स्पष्टपणे पाहता येतो. लोहमार्ग खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्याही आधी, पोहोचला. १८९१ मध्ये कर्जत तालुका खालापूर पेट्यासह ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. परंतु आगगाडीबरोबर शाळा डोंगराकडच्या वाड्यांत गेली नाही. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी कर्जत तालुक्यातील खेड्यांत स्वयंसेवकांच्या बळावर शाळा चालविल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. ठाकर, कातकरी, आगरी व कुणबी घरांतील अनेक कुटुंबांत लेखी परीक्षेला बसणारी पहिली पिढी त्यानंतरची आहे.

या मुलांच्या दृष्टीने वेळ हा केवळ घड्याळाचा प्रश्न नाही. १९४९ पासून शालान्त परीक्षा विद्यापीठाऐवजी स्वतंत्र मंडळाकडे आली. २०२० च्या परीक्षेपासून अमलात आलेल्या आराखड्यानुसार दहावीच्या प्रथमभाषा मराठीची उत्तरपत्रिका तीन तासांची आणि ८० गुणांची झाली. त्यांत निबंधाला ८ गुण. गुणांच्या प्रमाणात वेळ वाटला, तर निबंधाच्या वाट्याला १८ मिनिटे येतात. या १८ मिनिटांत तीन कामे करावयाची असतात : मुद्दे सुचणे, त्यांचा क्रम लावणे आणि ते प्रमाण मराठीत उतरविणे. ज्याच्या घरची बोली प्रमाण भाषेच्या जवळची आहे, त्याला तिसरे काम जवळजवळ फुकट पडते. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. तो बोलणारा मुलगा ‘पाणी’ लिहिताना थबकतो, ‘वेळ’ लिहिताना थबकतो. कारण त्याच्या तोंडी ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांचा उच्चार एकच आहे. कातकरी बोलीचे अंतर याहून मोठे; ग्रिअर्सन यांनी भाषापाहणीच्या १९०५ मधील मराठी खंडात तिची वेगळी नोंद घेतली. त्यातच अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि मुलांचे सरावाचे महिने बुडतात. घड्याळ सर्वांना सारखे, पण त्यातून हाती उरणारी मिनिटे सारखी नाहीत.

म्हणून उपाय ‘भराभर लिहा’ असे बजावण्यात नाही. तीन कामे सुटी करून शिकविण्यात आहे. मुद्दे आणि त्यांचा क्रम ही कामे प्रथम तोंडी व घरच्या बोलीत व्हावीत. मांडणीचे शिक्षण या प्रदेशाला परके नाही. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो, चरणाचरणाचे निरूपण करतो, संतवचनांचे प्रमाण देतो, दृष्टान्त सांगतो आणि ठरल्या वेळेत मूळ अभंगावर परत येतो. हा क्रम निरक्षर श्रोत्यालाही कळतो व तो चुकला तर खटकतो. प्रतिपादन, प्रमाण, दृष्टान्त आणि उपसंहार ही निबंधाचीच अंगे होत.

त्यानंतर बोलीतील वाक्य आणि प्रमाण वाक्य शेजारीशेजारी लिहून दोहोंतील नियमित फरक शिकवावेत. आगरी मुलाची ‘न’ किंवा ‘ल’ ही चूक स्वैर नसते. ती नियमाने होते, म्हणून नियमानेच सुधारता येते. घड्याळ अगदी शेवटी आणावे : आरंभी अर्धा तास, मग पंचवीस मिनिटे, मग अठरा. त्या अठरांतील पहिली तीन मिनिटे केवळ चार-पाच मुद्दे टिपण्यासाठी आणि अखेरची दोन वाचून दुरुस्तीसाठी राखावीत. टिपणाची मिनिटे वाया जातात, असे विद्यार्थ्याला आरंभी वाटते. वस्तुतः तीच पुढचा खोळंबा वाचवितात.

सर्वांना समान वेळ, हे एकोणिसाव्या शतकातील परीक्षेचे अभिवचन होते. ते कर्जतच्या वाडीत खरे व्हायचे असेल, तर परीक्षेआधीची तयारी मुलाच्या बोलीपासून सुरू व्हावी लागेल. निबंध म्हणजे बांधणे. बांधणीचे शिक्षण न देता केवळ घाई शिकविल्यास पदरी पडतो तो पाठ केलेला मजकूर, मुलाचा निबंध नव्हे.