पंचवीस रुपयांची हासळी

एम.एस्सी. करून इतिहासाच्या वाटेला कशाला गेलास, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. उत्तर धडगाव भागातल्या एका पावरा आजींच्या हासळीत आहे. वजन विचारलं तर म्हणाल्या, "पंचवीस रुपयांची." मी वहीत 'किंमत' या रकान्यात २५ लिहिलं आणि निघून आलो. चूक!

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १८३५ पासून त्यात ९१.७ टक्के चांदी. बाजारगावच्या सोनाराला मोजून नाणी द्यायची आणि तेवढ्याच वजनाचा दागिना घ्यायचा. नाणं हेच वजन, नाणं हाच कच्चा माल. आजी किंमत नव्हे, वजन सांगत होत्या. पुन्हा जाऊन काट्यावर ठेवली, तर २९० ग्रॅमच्या आसपास भरली.

इथे दोन घराणी आहेत, हे लक्षात घ्या. सोनाराकडे ऐरण, मूस आणि ठसे बापाकडून मुलाकडे येतात. डोंगरात दागिना आईकडून लेकीकडे जातो. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर फक्त 'आदिवासी दागिना' असतं. (माझ्या सिनॉप्सिसमध्येही 'सोनार' हा शब्द नव्हता.)

आता सायन्सचं काम. १९४० मध्ये रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. त्यामुळे दागिन्यात निकेल सापडलं, तर तो १९४० नंतर घडला असण्याची शक्यता मोठी. नुसत्या जस्तावर मात्र जाऊ नका, सांध्याच्या डाकातही ते असतं. एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं. दागिना आम्लात उजळवला की वरचं तांबं निघून जातं आणि चांदी फुगलेली दिसते. आतलं बघायला कानस लावावी लागते.

दप्तरात शोधताना 'नंदुरबार जिल्हा' शोधू नका, तो १ जुलै १९९८ चा. आधी धुळे, त्याआधी पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वी नुसता खानदेश.

घाई यासाठी की अडचणीच्या वर्षी दागिना मोडीत जातो, आणि मुशीत गेल्यावर सगळी साल एकच होते. कानशीबद्दल मी आजींना विचारलं होतं. त्यांनी हासळी उचलली आणि पदरात बांधली. म्हणाल्या, होळीला काठीला ये, गळ्यात असेल तेव्हा बघ.