बाबांची फाईल

आईबाबा पुढच्या महिन्यात युरोपच्या ग्रुप टूरला निघालेत. बारा दिवस, सात देश. (त्यातल्या एका देशात बस फक्त जेवायला थांबते. तोही मोजलाय!) टूरवाल्यांनी दोन पानी चेकलिस्ट पाठवली आहे, ती आठवडाभर आमच्या फ्रिजवर चिकटलेली आहे. पासपोर्ट, सहा महिने तरी व्हॅलिड. फोटो, पांढऱ्या बॅकग्राऊंडवर. रिटर्न तिकिटाची प्रत. बँक स्टेटमेंट. पेन्शनचा कागद. तीस हजार युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. परकीय चलन आणि त्याचा सही केलेला फॉर्म.

बाबांनी या सगळ्याची एक फाईल केली आहे. निळी, बटणाची. प्रत्येक कागदाच्या तीन तीन झेरॉक्स. मी म्हटलं, "बाबा, सगळं तुमच्या मोबाईलमध्ये टाकून दिलंय, टूर मॅनेजरकडेही आहे. कशाला ओझं वाहताय?" तर म्हणाले, "असू दे रे. नाही सोडलं तर?"

"कोण नाही सोडणार?"

याचं उत्तर मिळालं नाही. पण "नाही सोडलं तर" हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. आमच्या धंद्यात कधी कधी दहा वर्षं जुना कोड हाताखाली येतो आणि मध्येच एखादी विचित्र अट दिसते. काढून टाकावीशी वाटते. मग कोणीतरी जुना माणूस सांगतो, बाबा रे, हात लावू नकोस, एकदा यावरून रात्रभर सिस्टिम बंद पडली होती. ही चेकलिस्ट मला तशीच वाटायला लागली. म्हणजे प्रत्येक ओळीमागे कधीतरी काहीतरी पडलेलं असणार. शनिवार-रविवार त्यातच गेला.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनरी बायका. त्यांच्या तयारीबद्दल वाचताना एक गोष्ट खटकली नाही, आणि नंतर लक्षात आलं की तीच खटकायला हवी होती: पासपोर्टचा कुठे विषयच नाही! तेव्हा सर्वसाधारण प्रवाशाला तो सक्तीचा नव्हताच. अडचण होती ती पैशाची आणि त्याहून जास्त घरच्या लोकांची. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. श्रीरामपूर (बंगालमधलं, आपलं नव्हे) इथल्या सभेत त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. म्हणजे "नाही सोडलं तर" ही भीती तेव्हाही होतीच. फक्त न सोडणारे सरकारी टेबलामागे बसलेले नव्हते, ओसरीवर बसलेले होते.

पण त्याच काळात मुंबईहून दर वर्षी एक प्रचंड मोठी ग्रुप टूर परदेशी जात होती आणि तिला मात्र कागद लागायचे. ही टूर म्हणजे हजची यात्रा. मुंबई हे हिंदुस्थानातलं हजचं मुख्य बंदर. उत्तरेतून, बंगालमधून, अगदी मध्य आशियातूनही लोक मुंबईला यायचे, मुसाफिरखान्यात राहायचे आणि जेद्दाची बोट पकडायचे. (ही बोट अगदी १९९५ पर्यंत चालू होती. म्हणजे मी शाळेत असताना लोक मुंबईहून समुद्रमार्गे हजला जात होते आणि मला याचा पत्ता नव्हता.) १८८० च्या दशकापासून यात्रेकरूंना खास पासपोर्ट दिले जात. त्यांची सोय बघायला सरकारी अधिकारी होता. १८८० च्या दशकाच्या शेवटी सरकारनं काही वर्षं हे काम थॉमस कुक कंपनीकडेसुद्धा दिलं होतं! ग्रुप टूर हा धंदाच ज्यांनी उभा केला, तेच कुक.

तर या यात्रेत दरवर्षी एकच गोष्ट व्हायची. गरीब माणूस आयुष्यभर साठवलेल्या पैशातून एकेरी तिकीट काढायचा आणि यात्रा झाल्यावर जेद्दाला अडकायचा. खिशात दमडी नाही, बोट समोर उभी. मग सरकारी खर्चानं परत आणायचं की तसंच सोडायचं, यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार. परतीचं तिकीट सक्तीचं करावं ही सूचना लवकर आली होती, पण सरकार घाबरायचं, कारण १८५८ नंतर धर्मात ढवळाढवळ नको हे धोरण. शेवटी १९२५ च्या कायदादुरुस्तीत ते झालं: परतीचं तिकीट काढा नाहीतर तेवढी रक्कम अनामत ठेवा. फ्रिजवरची "रिटर्न तिकिटाची प्रत" ही ओळ आता मला नुसती ओळ वाटत नाही. व्हिसावाले ती का मागतात त्याचं कारण वेगळं आहे, मान्य. त्यांना तुम्ही तिथे राहून जाल याची काळजी, आणि तेव्हा तुम्ही तिथे अडकून पडाल याची. पण मागायचा कागद तोच.

आरोग्याच्या ओळीचंही तसंच. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. १८९७ च्या सुरुवातीला युरोपातल्या देशांनी व्हेनिसला परिषद भरवली, मुंबईहून निघालेली माणसं आपल्याकडे प्लेग आणतील या धास्तीनं, आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणं बंद झालं. गंमत अशी की त्याच जानेवारीत मुंबईतच डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. लस आणि बंदी, दोन्ही एकाच शहराच्या नावावर, आणि तीही काही आठवड्यांच्या अंतरानं. कोविडमध्ये लशीचं सर्टिफिकेट दाखवून विमानात बसलेल्या आपल्या पिढीला हे फार समजावून सांगायला नको.

आता मुख्य कागद. पासपोर्ट.

तो आपल्याकडे सगळ्यांना सक्तीचा झाला पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी. युद्ध आहे, हेर आहेत, तात्पुरतं आहे असा सूर होता. युद्ध संपलं, पासपोर्ट राहिला. १९२० मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत आज आपण ओळखतो तो नमुना ठरला: पुठ्ठ्याचं कव्हर, बत्तीस पानं. (तात्पुरता पॅच कायमचा होणं हे आमच्याकडेच होतं असं मला वाटायचं.)

या नव्या कागदाचा पहिला मोठा फटका कुणाला बसला असेल? एका पुणेरी नेत्याच्या ग्रुप टूरलाच!

१९१८ च्या मार्चअखेरीस लोकमान्य टिळक होमरूल लीगचं शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला निघाले. बरोबर न. चिं. केळकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल वगैरे मंडळी. मुंबईहून मद्रास, तिथून कोलंबो, तिथून बोट. पासपोर्ट रीतसर मिळालेले. टिळकांची साठी उलटून गेलेली, मंडालेच्या तुरुंगातून सुटून चार वर्षं होत आलेली, मधुमेह. वाटेत स्टेशनास्टेशनावर सत्कार. कोलंबोला पोचले तर लंडनहून युद्धमंत्रिमंडळाचा हुकूम: पासपोर्ट रद्द. बस. ना खटला ना सुनावणी. चौकशी कुणाकडे करायची हाही प्रश्नच. शिष्टमंडळ आल्या वाटेनं परत.

हे मी शाळेत वाचलं असणार, पण तेव्हा ते एका ओळीत होतं. आज चेकलिस्टच्या शेजारी ठेवून वाचलं तर वेगळं वाटतं. या माणसाला सरकारनं सहा वर्षं मंडालेला ठेवलं तेव्हा निदान कोर्टात खटला झाला होता, ज्यूरी होती, त्याला तिथे बोलता आलं. १९१८ मध्ये त्याची गरजच उरली नाही. बेडी नको, तुरुंग नको, एक पुस्तिका काढून घेतली की माणूस जागच्या जागी. पुढे सप्टेंबरमध्ये टिळक गेले, पण चिरोल खटल्यासाठी, आणि तिथे राजकीय चळवळ करणार नाही ही अट मान्य करून. सरकारला हवं तेव्हा आणि हवं त्या कामापुरतं.

आणि खरी गोम पुढे आहे. इंग्रज गेले तरी पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानीच राहिली. १९४७ नंतर वीस वर्षं कुणाला पासपोर्ट द्यायचा, कुणाचा परत घ्यायचा, याचा नीट कायदाच नव्हता. १९६६ मध्ये सतवंतसिंग साहनी या मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला सरकारनं पासपोर्ट जमा करायला सांगितलं. तो सुप्रीम कोर्टात गेला. १० एप्रिल १९६७ ला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला: परदेशी जाणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय अडवता येणार नाही. (सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तो वेगळा किस्सा.) सरकारनं घाईघाईनं जूनपर्यंत पासपोर्ट कायदा केला. मग १९७८ चा मनेका गांधी खटला, ज्यात कोर्टानं सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धतही न्याय्य हवी.

तीन विरुद्ध दोन. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर? बाबा तेव्हा शाळेत होते. म्हणजे ज्या माणसाला मी "कोण नाही सोडणार?" असं विचारत होतो, त्याच्या बालपणी "सरकार नाही सोडणार" हे अगदी सरळ, कायदेशीर उत्तर होतं.

आणि सोडलं तरी पैसे? बाबांचे मोठे भाऊ, आमचे काका, १९७१ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते, चौघांच्या ग्रुपमध्ये. खिशात आठ डॉलर. हा आकडा त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पाठ असतो. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांचा झाला, म्हणजे हे झाले साठ रुपये. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा 'पी फॉर्म' नसेल तर तिकीटच मिळायचं नाही आणि तिथला खर्च कोण करणार हे आधी सांगावं लागायचं. आपलेच पैसे, पण ते बाहेर न्यायला परवानगी. १९७३ च्या 'फेरा' कायद्यानं तर चलनाचा गुन्हा म्हणजे तुरुंगाची भीती. काका सांगायचे, फ्रँकफर्टच्या स्टेशनवर न्यायला येणारा माणूस तीन तास उशिरा आला आणि चौघांपैकी एकानंही चहा घेतला नाही. आठ डॉलर मोडायचे कसे? ते आठच्या आठ त्यांनी परत आणले होते.

सरकारला दोष देणं सोपं आहे, पण देशाकडे डॉलर खरंच नव्हते. १९९१ मध्ये तर जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, आणि रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे तारण ठेवलं. त्या वर्षीची मुंबईहून सुटलेली सगळ्यात कडेकोट ग्रुप टूर तीच असावी! पण टंचाईचा हिशोब काकांच्या चहाच्या कपापर्यंत नेण्याची गरज होती का, याबद्दल मला अजून शंका आहे. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना तेव्हाही चहा मिळत होता.

नंतरचं सगळं भराभर झालं. जून २००० पासून 'फेरा'च्या जागी 'फेमा' आला, चलनाची बाब फौजदारीतून दिवाणीत गेली. फेब्रुवारी २००४ मध्ये माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलर न्यायची मुभा मिळाली. मध्ये २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा खाली आली होती, पण २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे.

काल बाबांबरोबर चलन आणायला गेलो. दोघांचे मिळून बाराशे युरो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला, बाबांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला. मागे रांग वाढत होती, पण या खेपेला मी काही बोललो नाही. सही केल्यावर त्यांनी तिला हळूच विचारलं, "एवढे न्यायला काही हरकत नाही ना?" तिला प्रश्नच कळला नाही. "सर, अजून हवेत का?" म्हणाली.

पावतीची झेरॉक्स काढायला आम्ही शेजारच्या दुकानात गेलो. तीन प्रती. मीच सांगितलं, चार काढा.