साथीचे नियम आणि लोकांचे प्रश्न

२८ जून २०२० रोजी मुंबई पोलिसांनी नागरिकांना एक सूचना केली. खरेदी, केशकर्तन, व्यायाम अशा कामांसाठी कोणीही घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नये, असे तीत म्हटले होते. नोकरी आणि तातडीचे वैद्यकीय कारण यांना सूट होती. लगेच प्रश्न सुरू झाले. दोन किलोमीटर मोजायचे ते रस्त्याने की सरळ रेषेत? जवळचे दुकान बंद असेल तर काय करायचे? कामावरून परतताना वाटेत भाजी घेतली तर तो गुन्हा होईल का? रस्त्यांवर वाहने अडवली गेली, कित्येक जप्त झाली, आणि आठवडाभरातच दोन किलोमीटरची अट मागे पडून 'घराच्या परिसरात' असा सैल शब्दप्रयोग आला.

त्या दिवसांत 'विषाणूला किलोमीटर कळतात काय?' असे लोक थट्टेने विचारत. आमच्या मते हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. साथीच्या काळातील प्रत्येक निर्बंधाच्या पोटात एक गृहीतक असते: रोग अमुक मार्गाने पसरतो, म्हणून तो मार्ग अडवायचा. हे गृहीतक लोकांना सांगितले नाही, किंवा ते सांगणाऱ्यालाच ठाऊक नसले, की नियमाचे कोडे होते. या दृष्टीने सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या साथीकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबई, १८९६

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात ताप येऊन आणि जांघेत किंवा काखेत गाठ उठून माणसे मरू लागली. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, हे मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ओळखले. प्लेगचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला होता. म्हणजे रोग कशामुळे होतो, हे १८९६ साली माहीत होते. तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे मात्र माहीत नव्हते. घाण, कुबट हवा, दूषित जमीन, रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे या सगळ्यांवर संशय होता.

संशय सगळ्यांवर असल्यामुळे नियमही सगळ्यांवर झाले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. त्यानुसार अधिकाऱ्यांना कोणत्याही घरात शिरून ते जंतुनाशकाने धुण्याचा आणि रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार मिळाला. रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे लोकांना दिसत होते. आजाराच्या अखेरच्या टप्प्यावर नेलेले रोगी वाचत नसत, हे त्याचे मोठे कारण. पण नेले म्हणून मेला, असा अर्थ लावला जाणे साहजिक होते. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर ज्यांची घरीच वेगळी सोय होऊ शकते त्यांना हलवू नये, अशी सवलत देण्यात आली. घबराटीने सफाई कामगारच शहर सोडून गेले तर काय होईल, ही धास्तीही आयुक्तांना होती.

शहर तर रिकामे होतच होते. सुमारे साडेआठ लाख वस्तीपैकी जवळजवळ निम्मे लोक फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईबाहेर पडले. कोणी कोकणात गेले, कोणी देशावर, कोणी गुजरातेत. त्यांच्या सामानाबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर आणखी काय प्रवास करीत होते, हे त्या वेळी कोणालाच कळले नाही.

फलाटावरची तपासणी

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. त्यानुसार स्थानकांवर गाड्या थांबवून प्रवाशांना उतरवण्यात येई, आणि त्यांच्या काखा व जांघा चाचपून पाहिल्या जात. स्त्रियांनाही यातून सूट नव्हती. ज्याला ताप असेल त्याला छावणीत पाठवले जाई. पण तो ताप प्लेगचा की हिवतापाचा, हे फलाटावर हात लावून ठरत नसे. प्रवाशाला कळत नव्हते, की आपल्याला का थांबवले आणि शेजाऱ्याला का सोडले.

पुण्यात याहून कडक उपाय झाले. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी १३ मार्च १८९७ पासून घरांच्या झडत्यांसाठी लष्कर वापरले, आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत हे काम चालू राहिले. सोजिरांनी देवघरापर्यंत जाणे, सामानसुमान बाहेर काढून जाळणे, घरच्या धडधाकट माणसांनाही छावणीत हलवणे, शहरातून ये-जा रोखणे, हे सारे लोकांनी सोसले. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाला, हे आपण इतिहासात शिकवतोच.

इतिहासाच्या तासाला एक गोष्ट मात्र सहसा निसटते. लोकांचा विरोध उपचारांना किंवा रोग्याला वेगळे ठेवण्याला सरसकट नव्हता. टिळकांनी 'केसरी'तून झडत्यांच्या पद्धतीवर टीका केली, पण ते स्वतः साथीत पुण्यातच राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले या मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे लष्करी झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, त्यांचा मृत्यू झाला. शुश्रूषेसाठी जिवाचा धोका पत्करणारी माणसे याच शहरात होती.

सक्तीचा एक परिणाम आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. लोक रोगी लपवू लागले. मृत्यूही लपवू लागले. साथीशी लढायचे तर कोणत्या वस्तीत किती रोगी आहेत, हा आकडा सर्वांत आधी हवा. नियमाच्या भीतीने तो आकडाच खोटा होऊ लागला, म्हणजे नियमाने स्वतःचेच डोळे बांधून घेतले.

पिसवेचा शोध

रोग पसरण्याचा मार्ग कोणता, याचे उत्तर मिळण्याची सुरुवात २ जून १८९८ रोजी कराचीत झाली. पाश्चर संस्थेचे पॉल लुई सिमाँ यांनी प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. पहिला उंदीर मेला, आणि काही दिवसांतच दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या रोगी उंदरांजवळ निरोगी उंदीर ठेवले, तेव्हा त्यांना काही झाले नाही.

प्रयोग इतका सरळ असूनही तो मान्य व्हायला वेळ लागला. भारत सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगाला सिमाँ यांचा पुरावा पुरेसा वाटला नाही. १९०५ पासून दुसऱ्या आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत मुद्दाम बांधलेल्या छोट्या खोल्यांत गिनिपिगांवर प्रयोग केले. पिसवा नसतील तर रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र राहूनही रोग पसरत नाही, असे दिसले. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या प्राण्याला प्लेग झाला. दोन फूट उंच टांगलेला वाचला, कारण पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. तेव्हा कुठे शंका फिटली.

आता १८९७ चे नियम पुन्हा पाहू या. गाठीच्या प्लेगात रोग्याचा स्पर्श हा मुख्य मार्गच नव्हता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात, आणि उंदीर मिळाला नाही तर माणसाला चावतात. फलाटावर माणूस तपासला जात होता, तेव्हा उंदीर आणि पिसवा मालाच्या पोत्यांतून पुढे जात होत्या. घरात कार्बॉलिक आम्ल ओतले की उंदीर शेजारच्या घरात पळत, आणि रोग भिंत ओलांडे. सगळेच नियम निरुपयोगी होते असे मात्र नाही. प्लेग फुप्फुसांत उतरला तर तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो. तेथे रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यकच असते. आणि घरच्या माणसांना छावणीत नेणे, ज्याचा लोकांना सर्वांत राग आला, ते काही प्रमाणात उपयोगी होते. मात्र ते ज्या कारणासाठी केले गेले, त्या कारणाने नव्हे. उंदरांच्या घरापासून माणसे दूर गेली म्हणून.

लोकांना काय दिसत होते?

येथे एक गमतीची गोष्ट आहे. उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि माळावर झोपड्या बांधून राहावे, हे आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत लोक करू लागले होते. गढवाल-कुमाऊँमध्ये तर हा रिवाज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच नोंदला गेलेला आहे. पिसू कोणालाच ठाऊक नव्हती, पण उंदरांचे मरण आणि माणसांचे मरण यांचा संबंध डोळ्यांना दिसत होता. म्हणजे लोकांचा गोंधळ हा निव्वळ अडाणीपणा नव्हता. त्यांचे निरीक्षण आणि सरकारचा नियम यांचा मेळ बसत नव्हता, हे त्याचे एक मूळ होते. अशा वेळी नियम करणाऱ्याने लोकांचे निरीक्षण ऐकून घेतले, तर संशोधनालाही त्याचा लाभ होतो.

१८९८ नंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून तपासलेली लस घेणाऱ्यांना विलगीकरणातून सूट देण्याचा मार्गही काढण्यात आला. पण तोवर विश्वास बराच खर्ची पडला होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

२०२० आणि २०२१

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा पुकारण्यात आला. करोनाचा विषाणू काही आठवड्यांतच ओळखला गेला होता, पण पसरण्याच्या मार्गाबद्दल या वेळीही मतभेद होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये हा रोग हवेतून पसरत नाही असे सांगितले. बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत तो हवेतून लांबवर पसरू शकतो, असे स्पष्ट शब्दांत सांगायला एप्रिल २०२१ उजाडला. दरम्यान घरोघरी भाजीपाला धुतला जात होता, दुधाच्या पिशव्या पुसल्या जात होत्या, आणि मोकळी उद्याने बंद होती.

मुंबईची लोकल २३ मार्च २०२० पासून बंद झाली. १५ जूनपासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना मिळाली, २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळांत स्त्रियांना, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना. एप्रिलमध्ये ती सामान्यांसाठी पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना खुली झाली. डब्यातली गर्दी कमी करायची, हे यामागचे कारण सयुक्तिक होते. पण लोकल नाही म्हणून बसच्या थांब्यांवर लांबच लांब रांगा लागल्या. एक वाट अडवली तर गर्दी कोणत्या वाटेने वळेल, हेही पाहावे लागते.

डिसेंबर २०२० मध्ये शहरांत रात्री अकरानंतर संचारबंदी आली, तेव्हा 'विषाणू रात्रीच बाहेर पडतो का?' असे विचारले गेले. याचे उत्तर सोपे होते: वर्षअखेरीच्या बंदिस्त जागेतल्या मेजवान्या टाळायच्या आहेत. हे एक वाक्य हुकुमाबरोबर घरोघरी पोचले असते, तर थट्टेला जागा उरली नसती. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईत वाहनांसाठी लाल, हिरव्या आणि पिवळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या आल्या. कोणाला कोणता रंग, हा घोळ मिटायच्या आतच, आठवडाभरात, त्या रद्द झाल्या.

वर्गात काय करता येईल?

नवा रोग आला की माहिती अपुरी असते, आणि तरीही निर्णय तातडीने घ्यावे लागतात. संशोधन करणाऱ्या आम्हा मंडळींना हे रोजचेच आहे: आजचे गृहीतक उद्या बदलते. त्यामुळे नियम बदलला म्हणून तो करणारा मूर्ख, असे समजू नये. पण नियमाबरोबर तीन गोष्टी सांगितल्या जाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. हा नियम रोगाचा कोणता मार्ग अडवतो? ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याची काय सोय केली आहे? आणि कोणती माहिती हाती आली की तो बदलेल?

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना १८९७ चे आणि २०२०-२१ चे चार-चार नियम देऊन हे तीन प्रश्न लावून पाहण्यास सांगावे. काही नियम टिकतील, काही टिकणार नाहीत, काहींबद्दल वर्गात मतभेद होतील. सिमाँ यांचा बरणीचा प्रयोग फळ्यावर काढून, त्यात जाळी कशासाठी आणि पिसवा नसलेले उंदीर कशासाठी, हे विचारावे. 'का?' असे विचारणारा विद्यार्थी नियम मोडू पाहत नसतो. नियमाचे कारण कळले, तर तो पोलीस नसतानाही तो पाळील, आणि घरी चार माणसांना समजावून सांगेल. पुढची साथ येईल तेव्हा आपल्याला अशाच माणसांची गरज लागणार आहे.