काळ्या कोंबडीचे कुळ

राजाला इतिहास असतो, किल्ल्याला असतो, फार तर एखाद्या नामांकित घोड्याला असतो. उकिरड्यावर पाय मारणाऱ्या कोंबडीला कसला आला आहे इतिहास, असे पुष्कळांना वाटते. पण मंडळी, आज ज्या कोंबडीविषयी बोलायचे आहे, तिचा कागदोपत्री पुरावा पुरता चारशे वर्षांपलीकडे जातो, आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. तेव्हा हसणे जरा बाजूला ठेवून हकीकत ऐकू या.

ही कोंबडी म्हणजे कडकनाथ. मध्य प्रदेशातले झाबुआ, अलिराजपूर आणि धार हे जिल्हे तिचे माहेर. आपल्या नंदुरबारकडून नर्मदा ओलांडली की हाच मुलूख लागतो. भिल्ल आणि भिलाला लोकांची वस्ती. घरे टेकड्यांवर एकेकटी, प्रत्येकाचे शेत घराभोवती, आणि ओसरीखाली कोंबड्या. तिथे तिला काळामासी म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. पिसे काळी, तुरा काळा-जांभळा, चोच, जीभ, पाय काळे, आणि कापून पाहिली तर मांस, हाडांवरचे आवरण आणि आतडीसुद्धा सावळी. रक्त मात्र तांबडेच असते. अंडेही काळे नसते, फिकट बदामी असते. कडकनाथचे म्हणून कोणी काळे कवच दाखवू लागला, तर त्याच्या रंगाच्या डब्याची चौकशी करावी. पिसांवरून हिचे तीन प्रकार मानतात: पूर्ण काळा, पांढरट रेघांचा आणि सोनेरी छटेचा.

आता गोव्याचा धागा. यान हुइखेन वान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला आणि पाचएक वर्षे राहिला. परत गेल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासवृत्तांत छापला. येताना त्याचे जहाज मोझांबिकला थांबले होते. तिथल्या कोंबड्यांविषयी तो लिहितो की त्यांची पिसे, मांस आणि हाडेही काळी असतात, शिजवल्यावर शाईसारख्या दिसतात, पण चवीला इतर कोंबड्यांहून सरस. आणि पुढे सहज एक गोष्ट नोंदवून जातो, की अशा कोंबड्या हिंदुस्थानातही आहेत, फक्त तितक्या पुष्कळ नाहीत. त्या त्याने कुठल्या गावी पाहिल्या ते तो सांगत नाही, आणि त्या झाबुआच्याच होत्या असे आपण म्हणू नये. पण आपल्या देशातली काळी कोंबडी ही काही कालपरवाची नवलाई नाही, एवढे त्यावरून पक्के होते. त्याच्याही तीनशे वर्षे आधी मार्को पोलोने चीनमधल्या केसाळ काळ्या कोंबड्यांची नोंद केली होती.

मग हा काळेपणा आला कुठून? अंड्यात पिल्लू घडत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि साधारणपणे कातडीत आणि पिसांत जाऊन स्थिरावतात. काळ्या कोंबडीत त्या वाट सोडून सगळ्या अंगभर पसरतात आणि खूप वाढतात. याचे कारण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड केले. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा या पक्ष्यांत दोनदा लिहिला गेला आहे. त्या तुकड्यात रंगपेशींना ‘वाढा’ असा हुकूम देणारे जनुक आहे. हुकूम दुप्पट, म्हणून पेशी बेसुमार. गंमत अशी, की चीनची रेशमी कोंबडी, जावाची आयाम चेमानी, व्हिएतनामची ह्मोंग आणि स्वीडनची काळी कोंबडी, या सगळ्यांत हीच एक उलथापालथ निघाली. पुढे कडकनाथची तपासणी झाली तेव्हा तिच्यातही तीच. अशी चूक दोनदा त्याच जागी, त्याच तऱ्हेने होणे अवघड. म्हणजे कधीतरी एका पूर्वज पक्ष्यात ती झाली आणि माणसाच्या होडीतून, डालग्यातून देशोदेशी गेली.

शिक्षक मंडळींना यातली आणखी एक जुनी गोष्ट उपयोगी पडेल. मेंडेलचे वाटाण्याचे नियम आपण वर्गात शिकवतो. हे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे दाखवणाऱ्यांत इंग्लंडचे विल्यम बेटसन अग्रभागी होते, आणि त्यांनी १९०२ मध्ये ते दाखवले ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. पुढे १९११ साली बेटसन आणि पनेट यांनी चीनच्या काळ्या रेशमी जातीचा लेगहॉर्नशी संकर करून पाहिला. काळा कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी अशी जोडी लावली, तर माद्या गडद निघाल्या आणि नर फिके. उलट काळी कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा लावला, तर सगळीच पिल्ले फिकी. काळेपणा वरचढ आहे, पण त्याला दाबणारा दुसरा एक गुण लिंगाशी बांधलेला आहे, असा त्याचा अर्थ.

हे सांगितले ते नुसत्या विद्वत्तेसाठी नाही. ज्या गावठी कोंबडीत तो दाबणारा गुण नाही, तिच्यावर कडकनाथचा कोंबडा सोडला, तर पिल्ले काळीच निघतात. बाजारात ती कडकनाथ म्हणून खपतात. घेणाऱ्याला जीभ काळी दिसते, तो समाधानी. पण ती निम्मी कडकनाथ असतात. त्यांच्या पोटी पुन्हा अशीच सरमिसळ झाली तर चौथा हिस्सा उरेल. म्हणून मला वाटते, या कोंबडीचा काळा रंग धोक्यात नाही. तो फार चिवट आहे, समुद्र ओलांडून टिकला. धोका आहे तो जातीला. रंग जिवंत राहील आणि त्याच्या आडून कडकनाथ केव्हा संपली हे कळायचेही नाही.

आजवर ती टिकली कशी, हे पाहिले पाहिजे. कोणा संस्थानिकाने तिचे दफ्तर ठेवलेले नव्हते. ती टिकली भिल्लांच्या घरोघरच्या खुराड्यात, आणि त्यातही बायांच्या हातून. दिवाळीनंतर देवीला काळा कोंबडा लागे, आजारपणात काळ्या मांसाचा रस्सा देत, आणि अडीअडचणीला कोंबडा म्हणजे रोकड पैसा. पक्षी उंचीने बेताचा. नर पावणेदोन-दोन किलोचा, मादी दीडच्या आतबाहेर. अंडी वर्षाला शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. पण उन्हाळा सोसणारा, दाणे वेचून पोट भरणारा.

यात एक अडचण आहे. कडकनाथची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अंडी घालते आणि विसरते. मग वंश वाढायचा कसा? तर दुसऱ्या गावठी कोंबडीच्या पंखाखाली. खुडूक झालेली, अंगाने भरलेली आणि स्वभावाने शांत कोंबडी निवडायची, डालग्यात किंवा टोपलीत राख आणि पेंढा घालून दहा-बारा अंडी मांडायची आणि तिला संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवायची. अंडी आठवड्यापेक्षा शिळी नसावीत आणि उन्हात राहिलेली नसावीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडे दिव्यासमोर धरले तर आत लाल शिरांचे जाळे दिसते. जे स्वच्छ दिसेल ते वांझ, ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. ती निळसर-काळी असतात आणि त्यांच्या पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा असतात. गावठी आई आपल्या लाल-पिवळ्या कुळातली ही काळी पोरे काही कुरकुर न करता फिरवते.

पिल्लू बाहेर येण्याआधी पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेते, म्हणून पहिले दोन दिवस त्याला खायला नसले तरी चालते. ऊब मात्र लागतेच. आईच नसेल तर दिव्याखाली पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची उष्णता ठेवावी आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करावी. तापमापक नसला तर पिल्लांकडे पाहावे: दिव्याखाली ढीग करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची वासून बसली तर उकडते आहे. पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडीची लस द्यावी. या रोगाला राणीखेत हे नाव कुमाऊँतल्या राणीखेत गावावरून पडले. तिथे तो १९२७ साली ओळखला गेला.

स्वातंत्र्यानंतर सरकारला अंडी हवी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून कुक्कुटपालनाला जोर आला, पांढऱ्या लेगहॉर्नचे आणि तांबड्या ऱ्होड आयलंडचे कोंबडे खेड्यांतून वाटले जाऊ लागले. ते चूक होते असे मी म्हणणार नाही. कुपोषित देशाला अंडे हवेच होते. पण त्या काळात ‘सुधारणा’ म्हणजे घरचा कोंबडा काढून परका आणणे असाच अर्थ झाला. कडकनाथ कमी होत चालली, तेव्हा १९७८ मध्ये मध्य प्रदेश सरकारने झाबुआला तिच्यासाठी उबवणी केंद्र काढले. पुढे तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने आदिवासी कुटुंबांना पिल्ले देऊन पुन्हा घरोघर ती नेली. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. पण नीट पाहिले तर ते मानांकन काळ्या मांसाला आहे. मांसाचे नाव त्याने राखले जाईल, वंशावळ कशी राखली जाईल?

मानांकनाबरोबर मागणी आली, आणि मागणीबरोबर ज्वर. हा ज्वर नवा नाही. इंग्लंड-अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात शांघायकडून मोठ्या पिसाळ कोंबड्या गेल्या. कोचीनशी काही संबंध नसता त्यांना ‘कोचीन’ म्हणू लागले. राणी व्हिक्टोरियाच्या खुराड्यात तऱ्हेतऱ्हेच्या परदेशी कोंबड्या आहेत म्हटल्यावर एकेका जोडीला वेडीवाकडी किंमत आली. जो तो पिल्ले काढू लागला, ती विकायची दुसऱ्या पिल्ले काढणाऱ्याला. १८५५ पर्यंत फुगा फुटला, आणि त्याच वर्षी बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने या कोंबडीच्या ज्वराचा इतिहास लिहून काढला. तो स्वतःही त्या धंद्यात होता, म्हणून पुस्तक विनोदी उतरले.

आपल्याकडे हीच गोष्ट २०१९ साली झाली, आणि तिच्यात विनोद काही नव्हता. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या पुष्कळ शेतकऱ्यांनी अनामत भरून कडकनाथची पिल्ले घेतली. अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे आश्वासन होते. अंडी उबवून पिल्ले काढायची आणि ती पुढच्या शेतकऱ्याला द्यायची, असा तो गाडा. खाणारा गिऱ्हाईक त्यात फार थोडा. नवे शेतकरी येणे थांबले तसे देणे थांबले, पोलिसांत तक्रारी झाल्या, आणि खाद्यालाही पैसे उरले नाहीत म्हणून लोकांनी पक्षी मिळेल त्या भावाने फुंकून टाकले. त्यात खरे कडकनाथ किती आणि काळ्या जिभेचे संकर किती, याचा हिशेब कोणाजवळ असणार?

दुसरे संकट रोगाचे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा आपल्या नवापूरला सापडला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या परसातल्या कोंबड्यांत. व्यापारी शेडांबरोबर भोवतालच्या पाड्यांवरच्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये तोच रोग झाबुआ जिल्ह्यात थांदल्याजवळच्या एका कडकनाथ फार्मवर आला. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी मागवलेली दोन हजार पिल्ले त्याच फार्मवरून जायची होती, म्हणून वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. माझ्या मते बातमी दुसरीच होती. एका छपराखाली जितकी जात गोळा करावी, तितकी ती एका दिवसात जाऊ शकते. शंभर घरांत दहा-दहा पक्षी असले, घरे लांबलांब असली, तर काही तरी उरते. भिल्लांची घरे टेकड्यांवर एकेकटी असतात हे आरंभी सांगितले, ते याचसाठी.

मात्र घरोघर ठेवताना एका गोष्टीत हमखास चूक होते, ती कोंबड्याची. कोंबडा अंडी देत नाही, दाणे खातो, पहाटे शेजाऱ्यांना उठवतो. म्हणून एक ठेवतात आणि बाकीचे विकतात. याचा परिणाम सेवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली एका सोप्या गणिताने मांडला. नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर चाळीस भागिले अकरा, म्हणजे साडेतीनच्या जवळपास. खुराड्यात पक्षी अकरा, पण रक्ताच्या विविधतेच्या दृष्टीने ते जेमतेम चार. तेच तीन कोंबडे ठेवले तर उत्तर नऊवर जाते. दोन कोंबड्यांच्या दाण्याचा खर्च, आणि जातीची ताकद दुपटीहून जास्त. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सहज घालता येईल.

ज्या घरी तीन कोंबडे पोसणे परवडत नाही, त्यांनी वर्षाआड दुसऱ्या गावच्या शुद्ध कळपाशी कोंबड्याची अदलाबदल करावी. नवा कोंबडा आणल्यावर जुन्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहते, तोवरची अंडी खाण्यास वापरावी, रवणीस मांडू नयेत. आणि कोणते पिल्लू कोणत्या कोंबड्याचे, हे लक्षात ठेवण्यासाठी पहिल्याच दिवशी खूण करावी. पिल्लाच्या प्रत्येक पायाला पुढच्या बोटांमध्ये दोन पडदे असतात, दोन्ही पाय मिळून चार. यातल्या कोणत्या पडद्याला बारीक भोक पाडायचे आणि कोणत्याला नाही, यावरून सोळा निरनिराळ्या खुणा होतात. सोळा घरांना त्या पुरतात. खुणेची वही खुराड्याजवळ टांगून ठेवावी, आणि आठ दिवसांनी पिल्लू हातात घेऊन भोक बुजले तर नाही ना, ते पाहून घ्यावे.