माळ, फास आणि नांगर

पुण्याच्या वायव्येस पवनेच्या काठी पिंपळे सौदागर नावाचे गाव होते. ‘होते’ असे म्हणण्याचे कारण, आज तेथे उंच इमारतींची इतकी दाटी झाली आहे की गाव शोधावयास जाणाऱ्यास थांबून गावाचीच वाट विचारावी लागते. परंतु शंभर वर्षांपूर्वी ह्या लहानशा गावाने अर्थशास्त्राच्या ग्रंथांत कायमची जागा मिळविली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनी ह्या गावाची बारकाईने पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ साली प्रसिद्ध केला. १५६ खातेदार; त्यांच्या जमिनीचे ७२९ तुकडे; त्यांतले ४६३ एक एकराहूनही लहान; सन १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलेले. हे आकडे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले आणि पुढे वर्गात पुष्कळ वर्षे पाठ करून घेतले.

डॉ. मॅन ह्यांच्या श्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि अशा पाहणीत मोजला जावयास मनुष्याजवळ जमीन हवी, निदान गावात घर तरी हवे. जो वर्षातून दोनदा येऊन गावाबाहेर चार दिवस पाल ठोकतो व पाचव्या दिवशी निघून जातो, तो कोणत्या रकान्यात घालावयाचा? मॅनसाहेबांच्या दोन वर्षे आधी, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. त्यात ह्या फिरस्त्यांस भरपूर जागा मिळाली आहे; पण ती गावकऱ्यांवर पडलेला भार म्हणून. आत्र्यांची नजर तीक्ष्ण खरी, परंतु ती चावडीवरून टाकलेली नजर आहे, हे वाचकाने विसरू नये. आमच्या देशात ज्याने जमीन नांगरली त्याचा इतिहास लिहिला गेला, ज्याने नांगरणाऱ्यावर कर बसविला त्याचा तर फारच लिहिला गेला. ज्याने ती न नांगरता तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्याचा मात्र पोलिसांच्या दफ्तराबाहेर फारसा उल्लेख नाही.

ही न नांगरलेली जमीन म्हणजे माळ. पुण्याहून सासवडमार्गे पूर्वेस निघालो की डोंगर मागे पडतात, पाऊस आटतो, आणि सुपे, बारामती, इंदापूर ह्या बाजूस तांबूस मुरमाचे व कुसळी गवताचे प्रदेश लागतात. महसुलाच्या भाषेत ह्यांस पडीत म्हणतात. पण लांडगा, खोकड, ससा, चिंकारा, तितर, लावा, आणि एके काळी माळढोक, एवढा संसार ज्या जमिनीवर चालत होता तिला पडीत म्हणावयाचे ते केवळ सारा वसूल होत नाही म्हणून. ह्या माळाचे खरे जाणकार दोनच : मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, आणि फासेपारधी.

पारध्यांत पोटभेद पुष्कळ. जात्यास टाकी लावून देणारे ते टाकणकार. राजेरजवाड्यांसाठी चित्ते माणसाळवणारे ते चित्तेवाले. आणि फास लावणारे ते फासेपारधी. त्यांची घरची बोली गुजरातीस जवळची, तिला ते वाघरी म्हणतात. गावात मात्र मराठी बोलतात. त्यांचा फास आम्ही लहानपणी हातात घेऊन पाहिला आहे. एक लांब दोरी, तिला हात हात अंतरावर बोटभर जाडीच्या खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला जनावराच्या तातीचा सरकफास. पाखरांच्या फाशास घोड्याच्या शेपटीचा केस. दोरी गवतात अशा रीतीने ताणावयाची की फास जमिनीपासून चार बोटे उभे राहावेत. मग पारध्याने लांब वळसा घालून, शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने, तितरांस हळूहळू त्या दिशेस वळवावयाचे. त्यांस भिववावयाचे नाही, कारण भ्यालेले पाखरू उडते. नुसते अस्वस्थ करावयाचे, म्हणजे ते पायी चालू लागते. ह्या ‘नुसते अस्वस्थ’ करण्यात सगळी विद्या आहे. पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडावयास लावून रानातले तितर बोलावून घेण्याची युक्तीही त्यांचीच. पीक खाणाऱ्या काळविटांचा उपद्रव वाढला की शेतकरी स्वतः पारध्यास बोलावीत व त्याला धान्य देत. म्हणजे गावगाड्यात त्याला बलुते नसले तरी काम होते.

ह्या माणसास जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ साली झाला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला. नावनिशी, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, गाव सोडावयाचे तर परवाना. आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. जो फिरून जगतो त्याला फिरणे हाच अपराध ठरविला, मग उपास की चोरी एवढीच निवड त्याच्यापुढे उरली. ह्या काळात एका राज्यकर्त्याने मात्र निराळा विचार केला, तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांनाच त्यांनी पहाऱ्यावर नेमले, आणि १९१८ साली आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. ब्रिटिशांचा कायदा त्यानंतर चौतीस वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, रद्द झाला. ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण कागदावरची नावे बदलावयास जितका वेळ लागतो त्याहून ठाण्यातल्या सवयी बदलावयास अधिक लागतो.

हजेरी उठली तोवर माळ नांगराखाली जाऊ लागला होता. ही गोष्ट एका दिवसात घडली नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला तेव्हाच बारामतीकडच्या जमिनीचे मोल बदलले. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी त्याच्या वाऱ्यास उभे राहीनात, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण पुढे तोच नांगर दख्खनभर गेला, व सहा-आठ बैल जुंपून हरळी उपटू लागला. तरी बैलांस मर्यादा असते. मुरमाड माळ त्यांच्या आवाक्याबाहेरच राहिला. ती मर्यादा ट्रॅक्टरने मोडली. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेने मागे टाकलेले सुमारे दोनशे ट्रॅक्टर घेऊन मध्यवर्ती सरकारने १९४७ साली ट्रॅक्टर-संघटना उभी केली व मध्य हिंदुस्थानातल्या काशाच्या गवतावर ते घातले; १९४९ साली जागतिक बँकेने यंत्रांसाठी एक कोटी डॉलर कर्ज दिले. १९६३ पासून महिंद्रांचे ट्रॅक्टर मुंबईस तयार होऊ लागले आणि दहा-पंधरा वर्षांत ते आमच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर दिसू लागले. ट्रॅक्टर नुसता खोल नांगरीत नाही. त्याला वळावयास जागा लागते म्हणून तो बांधही खातो; आणि ससा-तितरांचे घर माळाइतकेच बांधातही असते.

मोटारीची कामगिरी ह्याहून दुःखदायक. पारध्याच्या फाशात एका वेळी एक-दोन जनावरे सापडत. युद्धोत्तर काळात स्वस्तात मिळालेल्या जीपगाड्या घेऊन, दिव्याच्या झोतात जनावरास खिळवून बंदुकीने कळपच्या कळप टिपणारे हौशी शिकारी निघाले. हिंदुस्थानातले शेवटचे म्हणून नमूद झालेले तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजेसाहेबांनी असेच रात्री, मोटारीतून मारले. चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने १९५२ साली जाहीर केले. म्हणजे पारधी ‘मुक्त’ झाले त्याच वर्षी. पुढे १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला व १९९१ च्या दुरुस्तीने राहिलेली वाटही बंद केली. कायदा आवश्यक होता, ह्याविषयी आम्हांस संशय नाही. परंतु जीपवाले तोवर म्हातारे होऊन आठवणी सांगत बसले होते, व कायद्याचा हात पोहोचला तो फासेवाल्यापर्यंत.

आता एक घरची हकीकत सांगतो.

आमचे आजोळ सुप्याच्या पूर्वेस एका लहान गावी. मामांचा एक जुना मालट्रक होता. जमशेदपूरला टाटा व डेम्लर-बेंझ ह्यांच्या भागीदारीत बनलेला, दहा मालकांच्या हातून आलेला. थंडीत तो हँडल मारूनही चालू होईना, तेव्हा मुलांनी ढकलावयाचा व तो उतारावर धरावयाचा, हा नित्यक्रम. १९७९ च्या सुमारास तिघा घरांनी मिळून कर्जाने ट्रॅक्टर घेतला. त्याच साली उन्हाळ्यात माळाच्या कडेस पारध्याचे एक पाल पडले होते. नवरा, बायको, दोन मुली, आणि एक तांबडा, कान फाटलेला कुत्रा. आमचा सगळा वेळ तेथेच जाई. फास विणावयास आम्ही तेथेच शिकलो. आमच्या फाशात कधी काही सापडले नाही, ही गोष्ट वेगळी. तो कुत्रा मालकाने खुणावल्याखेरीज भुंकत नसे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातचे खात नसे.

एके सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी नाहीशी झालेली आढळली. गावाने फार विचार केला नाही. दुपारी पोलीस येऊन त्या पारध्यास घेऊन गेले. जाताना तो आमच्या आजोबांकडे वळून एवढेच म्हणाला, “आबा, तुमी तरी सांगा.” आजोबा गावातले मानाचे गृहस्थ; त्यांचा शब्द चालला असता. ते काही बोलले नाहीत. त्याच रात्री बायको मुलींना घेऊन पाल मोडून निघून गेली. कुत्रा गेला नाही. मालक ज्या वाटेने गेला त्या वाटेकडे तोंड करून तो चुलीच्या तीन दगडांपाशी बसून राहिला. आजी रोज भाकरी पाठवी. आम्ही ती दगडावर ठेवून दूर गेलो की मग तो खाई. पुढे पुढे तेही सोडले.

आठव्या दिवशी मामा ट्रक घेऊन तालुक्यास गेले, तेव्हा बॅटरी चार्जिंगच्या दुकानात सापडली. ड्रायव्हरनेच ती तेथे नेऊन ठेवली होती, आणि सांगावयाचे विसरून तो लग्नास परगावी गेला होता. रात्री ओसरीवर हे सर्व बोलणे झाले. मामा म्हणाले, “उद्या ठाण्यावर जाऊन सांगायला हवं.” आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आपण चोर म्हणून दिला, आता आपणच साव म्हणून आणायचा? गाव काय म्हणेल?” दुसऱ्या दिवशी कोणी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमचे वय दहा वर्षांचे होते, असे म्हणून आम्ही ह्यातून सुटू शकतो. पण पुढे वीस वर्षे आजोबा हयात होते आणि आम्ही त्यांना हा प्रश्न कधी विचारला नाही, तेव्हा आमचे वय दहा नव्हते.

साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका लोक सांगतात. आम्ही मुलांस घेऊन तेथे गेलो आहो. धाकट्याने विचारले, “बाबा, गरिबाच्या कुत्र्याची समाधी कुठं असते?” उत्तर देण्याऐवजी आम्ही त्यास नदी दाखविली.

सुप्यास १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. सुमारे पाच चौरस किलोमीटर. चिंकारा तेथे दिसतो, पुण्याचे लोक रविवारी दुर्बिणी घेऊन जातात. आमच्या आजोळचा माळ मात्र त्यात आला नाही. त्या उन्हाळ्यानंतरच्या चैत्रात मामांनी ट्रॅक्टर घालून तो नांगरला. कुत्रा त्याआधीच कधीतरी दिसेनासा झाला होता. ज्या ठिकाणी पाल होते तेथे नांगराचा फाळ अडला, म्हणून ड्रायव्हर खाली उतरला, चुलीचे तीन दगड उपटून त्याने बांधावर टाकले, आणि पुढचे तास धरले.